नवीपारच्या शाळेतले सतरा कागद

सन १९३६च्या कार्तिकात, एका मंगळवारी भर दुपारी, मौजे नवीपारच्या शाळेच्या भिंतींवरून सतरा कागद खाली उतरले आणि आपापल्या घरी गेले. त्याच दुपारी गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, यादोराव हे बकाराम कोतवालाच्या शेजारी जमिनीवर बसून रडले.

असं काही घडलेलं नाही. नवीपारात कुणालाही विचारा. शाळेत कधी कागद टांगलेच नव्हते, तर ते उतरतील कुठून? आणि मालगुजार रडत नसतात. सगळं गाव एका सुरात सांगतंय म्हटल्यावर आपणही तसंच धरून चालू. जे घडलंच नाही ते कसं घडलं, एवढंच इथे सांगायचं आहे.

नवीपार म्हणजे तिरोड्याच्या अंगाला, एका मोठ्या तलावाच्या पायथ्याशी वसलेलं धानाचं गाव. तलाव बांधणाऱ्या कुळांनी वसवलेलं. तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, गावापेक्षा उंच होती आणि गावाला तिचा अभिमान तिच्याहून उंच होता. गावात डिस्ट्रिक्ट कौन्सिलची शाळा होती. एक खोली, चार भिंती, दोन खिडक्या, एक दार, एक फळा आणि एक मास्तर. मास्तरांचं नाव दुलीचंद.

दुलीचंद गुरुजींना 'नाही' हा शब्द येत होता. मुलांना ते तो सुवाच्य अक्षरात लिहायलाही शिकवत. कुणाला नकार म्हणून मात्र तो त्यांच्या तोंडून आजवर निघालेला नव्हता. बाजारात कुणी किडकी वांगी दिली तरी ते 'हो' म्हणत आणि वर आभार मानत.

पहिला कागद आणला यादोरावांनी. काच लावलेली चौकट, आत पिवळा पडलेला मोडी कागद, त्यावर चाळीस वर्षांच्या दसऱ्यांचं हळदकुंकू.

"आमच्या आबाजीचा कागद हाय, गुरुजी," यादोराव आपल्या आजोबांबद्दल म्हणाले. "केवळराम मालगुजाराचा. तलाव कोनं बांधला, पोट्ट्यायले समजलं पायजे. लावा भिंतीवर."

"हो," गुरुजी म्हणाले.

कागद मोडीत होता. यादोरावांना मोडी येत नव्हती, गुरुजींना येत नव्हती, आणि गावात ज्यांना येत होती ते सगळे वारले होते. त्यामुळे त्या कागदात काय लिहिलंय याबद्दल गावात कधीच मतभेद झाला नाही.

पण मालगुजाराचा कागद शाळेत लागला ही बातमी गावभर फिरली, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला आपल्या घरातला कागद आठवू लागला. नंदलालशेठचं किराणा दुकान होतं. ते लक्ष्मीचं कॅलेंडर घेऊन आले. लक्ष्मीच्या पायाशी साबणाची जाहिरात होती.

"मास्टरजी, एक कील तो खाली है ना? देवी को खडी मत रखो."

"हो," गुरुजी म्हणाले.

मग एकाने लढाईवरून परतलेल्या काकाचा सुटकेचा दाखला आणला. एकाने काशीच्या पंड्याच्या हातची वंशावळ आणली. एकाने बांधाच्या दाव्यात शेजाऱ्यावर मिळवलेल्या विजयाचा निकाल आणून टांगला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने अपिलाचा निकाल आणून त्याच्या शेजारी टांगला. तिसऱ्या दिवसापासून मुलं कोण जिंकलं यावर मधल्या सुट्टीत मारामाऱ्या करू लागली.

उदारामकडे काहीच नव्हतं. त्याने सगळं घर उचकटलं, धानाच्या कोठीमागे हात घातला, आणि अखेर लहानपणी लस टोचल्याचा सरकारी दाखला घेऊन आला. त्यात 'देवी' असं लिहिलं होतं म्हणून तो धार्मिक होता, आणि सन १९०२चा होता म्हणून ऐतिहासिक होता. गुरुजींनी विचार केला. मग 'हो' म्हटलं.

भाद्रपदापर्यंत तीन भिंती भरल्या. चौथीवर फळा होता. फळा लाकडाचा असल्यामुळे त्याला खिळा छान बसे, हे गावाच्या लक्षात आलं. फळाही भरला. दक्षिणेच्या खिडकीवर कुणीतरी तलावाचा जुना नकाशा लावला. उरली उत्तरेची खिडकी.

त्या खिडकीबद्दल थोडं सांगायला हवं. तिच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीला टेकून पाच मुलं बसत. गाव ज्यांना अस्पृश्य म्हणत असे त्यांच्या मोहल्ल्यातली. सरकारचा हुकूम होता की मुलांना वेगळं बसवू नये, आणि तो हुकूम गुरुजींच्या पेटीत घडी करून ठेवलेला होता. अख्ख्या नवीपारात कुणी भिंतीवर लावायला आणला नाही असा तो एकच कागद.

त्या पाचांत बकाराम कोतवालाची रुख्मिणी होती. अकरा वर्षांची. गावात चौथीला ती एकटीच होती, कारण बाकीची मुलं दुसरी-तिसरीपर्यंत येऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरत. खिडकीतून ऐकून ऐकून ती इथवर आली होती. उन्हाळ्यात चौथीची परीक्षा होती, आणि ती पास झाली असती तर नवीपारातून ही परीक्षा पास होणारी ती पहिली मुलगी ठरली असती.

भजनी मंडळाचे केशोराव चार हात लांब पाटी घेऊन आले, तेव्हा गुरुजींनी भिंतींवरून एकदा नजर फिरवली.

"नागपुराहून रंगवून आनली," केशोराव म्हणाले. "शास्त्रातले श्लोक हायत. संस्कृत. लावा."

"केशोराव, जागाच कुठं उरली?"

"थे काय, खिळकी रिकामीच हाय."

गुरुजींना ठाऊक होतं खिडकीमागे कोण बसतं. केशोरावांनाही ठाऊक होतं. पाटी दोघांच्या मधे उभी होती.

"हो," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रुख्मिणी दाराशी उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर, दोन हात दूर.

"गुरुजी, आता मले काईच आयकू येत नाई."

"मी जोरात बोलेन, पोरी."

आणि ते जोरात बोलू लागले. अंधाऱ्या खोलीत उभे राहून, शास्त्रातले श्लोक ओलांडून पलीकडे पोचेल इतक्या जोरात. पहिल्या दिवशी शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींनी दूध चोरलं. दुसऱ्या दिवशी वावरातल्या निंदणाऱ्या बायांना तेराचा पाढा पाठ झाला. तिसऱ्या दिवशी गुरुजींचा आवाज गेला.

घरी त्यांची बायको सुशिलाबाई भात वाढत होती. ती तलाव बांधणाऱ्या कुळातलीच. माहेरी तीन तलाव.

"आवाज कोठी ठेवून आले?" तिने विचारलं.

गुरुजींनी कुजबुजत सगळं सांगितलं. खिडकी, पाटी, रुख्मिणी.

"मंग काढा थे पाटी."

"देवाचं हाय. केशोरावाले नाई कसं म्हनू?"

"देवानं सांगतलं का खिळकी बंद करा म्हनून?"

"तसं नाई. पन लोकायचा भाव असते..."

"असू द्या ना भाव. माह्या माहेरी तलाव भरला का आमी पारीवर जाऊन पूजा करतो. नारळ फोडतो. हात जोडतो. मंग मोरी उघडून पानी बांधीत सोडतो. पूजा करून पानी तसंच ठेवलं, तं धान काय फोटोत पिकते?" तिने वरणाची वाटी आदळली. "थ्या कागदातलं शायनपन पोट्ट्यायच्या डोस्क्यात सोडाचं हाय का भिंतीच्या? भिंत कोन्त्या यत्तेत हाय तुमची?"

गुरुजी वरणात भात कालवत राहिले.

"आनं थ्या पाटीवर लिवलं काय हाय? तुमाले तं संस्कृत येते."

गुरुजींनी घास खाली ठेवला. "हेच, का सगळ्यायच्या आत एकच देव हाय. उच्च-नीच काई नाई."

सुशिलाबाई हसली नाही. फक्त म्हणाली, "आनं थे पाटी तुमी कोनाच्या तोंडावर लावली?"

त्या जेवणात गुरुजींनी भात मागून घेतला नाही. वाढला तेवढाही संपवला नाही.

सकाळी शाळेत जाऊन त्यांनी पाटी काढली, असं लिहायला आवडलं असतं. पण ते दुलीचंद गुरुजी होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं, केशोरावांच्या घराकडे पाहिलं, आणि मुलांना म्हणाले, "चला रे, आज बाहेर बसू. आत उजेड नाही." कुणाला 'नाही' म्हणायचं नव्हतं. नुसतं बाहेर जायचं होतं.

शाळेसमोर मोहाचं मोठं झाड होतं. मुलं सावलीत बसली. ती पाच मुलं नेहमीच्या सवयीने लांब, सावलीच्या दुसऱ्या टोकाला. ऑक्टोबरचं ऊन होतं. दहा वाजता सावली लांब पसरली होती, अकराला ती सरकली, बाराला तिचा बुंध्याभोवती एक गोल तेवढा उरला. तिने गावाची परवानगी घेतली नाही. मुलंही सावलीसोबत सरकत गेली, इंच इंच, पाट्या ओढत, आणि बारा वाजता नवीपारची सगळी शाळा एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसलेली होती. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. रुख्मिणी पहिल्यांदाच गुरुजींच्या समोर होती. तिने अपूर्णांकांची तीन गणितं धुळीत बोटाने सोडवली. गुरुजींना ओरडावं लागलं नाही. बसक्या आवाजातही ऐकू जात होतं.

"आता आयकू येते गुरुजी," ती म्हणाली.

एका दिवसापुरतं बाहेर बसायचं ठरलं होतं. ते तीन आठवडे चाललं. आत सतरा कागद सुखाने अंधारात राहत होते, आणि त्यांना कुणी त्रास देत नव्हतं.

मग एक दिवस यादोराव आणि केशोराव तिकडून चालले होते. थांबले. मोजल्यासारखं पाहिलं.

"गुरुजी, हे काय चालू हाय?" यादोरावांनी विचारलं. "कोतवालाची पोरगी कोठी बसून राहिली?"

"सावलीत, मालक."

"थे दिसून राहिलं. पन कोनाच्या बाजूले? माह्या नातवाच्या!"

"आत उजेड नाही, मालक. कागद लागले..."

"मंग कागदाचा अपमान कराचा का तुमाले?" केशोराव गरजले. "शास्त्र आत आन शाळा बाहेर?"

तेवढ्यात स्वतः बकाराम कोतवाल आला. हातात लिफाफा. कोतवालाचं काम गावात चिठ्ठ्या पोचवण्याचं, मग चिठ्ठी आपल्याच पोरीचं नशीब घेऊन आलेली का असेना. त्याने लिफाफा जमिनीवर ठेवला, गुरुजींनी उचलला. हे सगळं नेहमीसारखंच झालं.

शाळाखात्याचे डिप्टीसाहेब मंगळवारी तपासणीला येणार होते. खोलीत मुलं आणि उजेड दोन्ही नीट आढळले नाहीत, तर नवीपारची शाळा नाल्यापलीकडच्या गावी हलवण्यात येईल, असं लिहिलं होतं. गुरुजींनी ते मोठ्याने वाचलं. बकाराम ऐकत होता. नाल्यापलीकडच्या गावात त्याच्या पोरीला शाळेच्या अंगणातही उभं करत नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. तिथल्या चिठ्ठ्याही कधीकधी तोच पोचवायचा.

"मंगळवारी पोट्टे आत," यादोराव म्हणाले. "सगळे कागद पुसून चकचक करा. आनं थे पाच, नेहमीच्या जागी. समजलं?"

गुरुजींनी बकारामकडे पाहिलं. बकाराम तलावाकडे पाहत होता.

"हो," गुरुजी म्हणाले.

मंगळवारी डिप्टीसाहेब रेंगीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, उतरले. म्हातारे, बारीक, जाड भिंगांचा चष्मा. दाराशी यादोराव, केशोराव, नंदलालशेठ, उदाराम आणि कागदवाले सगळे धुतलेल्या धोतरात. साहेब आत गेले आणि थांबले, कारण पुढे काही दिसत नव्हतं.

"मास्तर, शाळा कुठं आहे?"

"इथंच आहे साहेब," अंधारातून गुरुजी म्हणाले.

"मुलं?"

"हजर!" अंधार एका सुरात ओरडला.

साहेबांनी काडेपेटी काढली. पहिल्या काडीच्या उजेडात त्यांना उदारामचा लसीचा दाखला दिसला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या काडीत बांधाचा निकाल दिसला, तिसरीत अपिलाचा. चौथी काडी त्यांनी समोरच्या मुलाच्या पुस्तकावर धरली आणि वाचायला सांगितलं. मुलगा एक ओळ वाचतो न वाचतो तोच काडी विझली.

"चौथीला कोण आहे?"

अंधारात पाट्या खडखडल्या. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"एक मुलगी आहे, साहेब," गुरुजी म्हणाले. "ती... बाहेर आहे."

साहेबांनी अंधारात चष्मा पुसला. "मास्तर, एकच विचारतो. ही शाळा रोज अशीच भरते का?"

दारातून यादोरावांनी मान हलवली. खालीवर. अगदी स्पष्ट. केशोरावांनीही हलवली. गुरुजींना उत्तर पाठ होतं, आयुष्यभर पाठ होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून दुसराच शब्द निघाला.

"नाही!"

काय हा शब्द! इतकी वर्षं आत राहिलेला! गुरुजी स्वतःच दचकले. पण एकदा निघाल्यावर त्याच्यामागून बाकीचे रांगेने आले.

"नाही, साहेब. रोज शाळा बाहेर भरते. मोहाच्या झाडाखाली. सगळी मुलं, सगळी म्हणजे सगळी, एकत्र. आज मी घाबरून त्यांना आत कोंबलं आणि पाच जणांना लांब बसवलं. इथं आत शाळा नाही. इथं गाव टांगलेलं आहे. शाळा बाहेर आहे."

साहेब वळले. बाहेर गेले, झाडाखाली उभे राहिले, आणि रुख्मिणीला बोलावलं. तिने धडा वाचला. गणित सोडवलं. नकाशात वैनगंगा दाखवली. साहेबांनी विचारलं, "एवढं कुठं शिकलीस?"

"आधी खिळकीतून, मंग झाडाखाली."

यादोरावांचा चेहरा आता काळवंडला होता. गावासमोर, साहेबांसमोर, मास्तर 'नाही' म्हणाला होता. ते तडक आत गेले आणि आपली चौकट स्वतःच्या हातांनी उतरवून उजेडात घेऊन आले.

"सायेब, शाळेची इज्जत पोरीच्या गनितात नाई. हे पाहा. आमच्या आबाजीचा कागद. ज्यानं तलाव बांधला थ्याचा. वाचा, मंग समजन हे गाव काय हाय थे."

साहेबांना मोडी येत होती. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी काच काढायला लावली, हळदकुंकवाचा चाळीस वर्षांचा थर फुंकला, तेव्हा तिघांना शिंका आल्या. मग ते सावकाश, सरकारी आवाजात वाचू लागले:

"मी केवळराम, मालगुजार मौजे नवीपार, राजीखुशीने लिहून देतो ऐसा की, तलावाची पार मी सांगितल्या जागी बांधली ती फुटली. दुसऱ्यांदा बांधली तीही फुटली. तिसऱ्यांदा बांधली तीही फुटली. सबब माझी अक्कल तीन वेळा चुकली. चौथ्या खेपेस जागेश्वर कोतवाल याने जागा दाखविली. तो रोज गावची फेरी मारी, कोठे पाय रुततो व कोठे रुतत नाही हे त्याच्या पायांस ठाऊक. त्या जागी बांधलेली पार उभी आहे. आम्ही जे धान खातो ते त्याच्या पायांचे आहे. हे उपकार फिटण्याजोगे नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. गावात कार्य निघेल तेथे जागेश्वर व त्याचे वंशज यांस पहिल्या पंगतीत, माझ्या घरच्यांच्या शेजारी बसवावे. यात जो कसूर करील तो माझा नातू नव्हे."

यादोरावांनी कागदावर वाकून पाहिलं.

"पुन्हा वाचा," यादोराव म्हणाले.

साहेबांनी पुन्हा वाचलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचल्यावरही पार तीनच वेळा फुटली.

यादोरावांनी वळून बकारामकडे पाहिलं. "जागेश्वर तुहा कोन?"

"आजा, मालक."

"तुले हे मालूम होतं?"

"होतं जी. आमच्या मोहल्ल्यात लहान पोट्ट्यालेबी मालूम हाय."

"मंग सांगतलं काऊन नाई आजपर्यंत?"

बकारामने खांद्यावरचं फडकं सारखं केलं. "कोनाले सांगू, मालक? गोष्ट आमच्या घरी, कागद तुमच्या घरी. बिना कागदाची गोष्ट कोन आयकते? आनं तुमी तं कागदाले कुंकू लावून राहिले होते. मले वाटे, वाचूनच लावत असन."

चाळीस वर्षं! चाळीस दसरे त्या कागदाची पूजा झाली, आणि त्याच कागदातल्या माणसाच्या नातवाने चिठ्ठी द्यायची ती जमिनीवर ठेवून. यादोरावांच्या ओठांवर एकच प्रश्न होता, तो त्यांनी कुणाला विचारला कळलं नाही. "मंग मी कोनाचा नातू?"

आणि ते जिथे उभे होते तिथेच, बकारामच्या शेजारी, खाली बसले. धुतलेल्या धोतरात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

बकारामने खाली पाहिलं. मग वाकून हळूच म्हणाला, "थोळं सरकून बसा जी. तेथं मुंग्या हायत."

यादोराव सरकले. बकारामच्या बाजूला सरकले. मग त्यांनी हात पुढे केला, आणि बकारामने तो धरला. कुणीही जमिनीवर काही ठेवलं नाही.

डिप्टीसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. "उत्तम कागद आहे," ते म्हणाले. "असे आत अजून आहेत ना? आणा एकेक. सगळे वाचू."

आता काय झालं म्हणता? नंदलालशेठना एकदम दुकान उघडं राहिल्याची आठवण झाली. "अरे, लक्ष्मीजी को धूप लगेगी," म्हणत त्यांनी कॅलेंडर गुंडाळलं. ज्याच्याकडे पंड्याची वंशावळ होती त्याला वाटलं, आपला आजा तरी काय काय लिहून गेला असेल, देव जाणे. निकालवाला आणि अपीलवाला एकमेकांना मदत करत एकाच शिडीवर चढले. उदारामने लसीचा दाखला धोतरात खोचला. त्यात काय निघणार होतं, पण गाव चाललं होतं म्हणून तोही चालला. अर्ध्या घटकेत भिंती रिकाम्या. फळा काळा दिसू लागला. मुलं ओरडली, "फळा! फळा!"

केशोरावांची पाटी तेवढी राहिली, कारण ती एकट्याने उचलत नव्हती. ते तिच्यासमोर उभे होते.

"गुरुजी, ह्याच्यात काय लिवलं हाय?"

गुरुजींनी अर्थ सांगितला. सगळ्यांच्या आत एकच देव, उच्च-नीच नाही.

केशोराव खिडकीकडे बघत राहिले. "हे मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही, केशोराव. आणि विचारलं असतं तरी मी 'हो' म्हणालो असतो. चूक माझी आहे."

केशोरावांनी पाटीचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला जवळ बकारामच होता. दोघांनी मिळून पाटी उतरवली आणि देवळात नेली, जिथे ती आजही आहे आणि जिथे दर शनिवारी केशोराव तिचा अर्थ मोठ्याने सांगत. बकाराम त्यावेळी ओट्यावर, त्यांच्या शेजारी बसलेला असे. उत्तरेची खिडकी उघडली तेव्हा खोलीत इतका उजेड आला की पहिलीतली दोन मुलं डोळे चोळत रडू लागली.

शाळा हलली नाही. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: 'खोली उजेडाची आहे. मुलं एकत्र बसतात. चौथीची तयारी चांगली.' उन्हाळ्यात रुख्मिणी पास झाली. तिला हार घालायला यादोराव आले, आणि त्या दिवशीच्या पंगतीत बकारामचं घर पहिल्या ओळीत, मालगुजाराच्या घरच्यांना लागून बसलं. सुशिलाबाईंनी वाढलं. गुरुजींना वाढताना ती म्हणाली, "अजून भात पायजे?" गुरुजी म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "आता रोज हेच आयकावं लागन का मले?"

भिंतीवर पुढे एकच कागद परत आला. केवळरामाच्या मजकुराची बाळबोध नक्कल, रुख्मिणीच्या अक्षरात, विनाचौकटीची, आणि दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याला कुंकू लावायची मनाई होती. कागद मळला की चौथीच्या वर्गाने तो वाचून, अर्थ विचारून, नव्याने लिहायचा. पुढे प्रत्येक घरचं पोर तो लिहून गेलं.

नागरिकहो, लिहिलेल्या शब्दाला हात जोडणं वाईट नाही. पण जो शब्द मुलांच्या हाती पोचत नाही, तो कितीही पवित्र असो, किती का जुना असो, तो भिंतीचा शब्द झाला. शाळेत तो टांगायचा असेल तर मुलांना वाचता येईल असा टांगा, त्यांना विचारता येईल असा टांगा, आणि त्याने कुणाची खिडकी बंद होत असेल तर आधी तो उतरवा. आणि घरी एखादा जुना कागद असेल, तर पूजेआधी एकदा वाचून घ्या. कुणाचे तरी उपकार त्यात लिहून ठेवलेले असतात. बहुधा ज्याला आपण बाहेर बसवलं त्याचेच.

आज नवीपारात विचाराल तर लोक सांगतील, आमच्या गावात मुलं कधी वेगळी बसलीच नाहीत. बकाराम तेवढा हसून म्हणतो, "मले आठवते जी." पण तोही त्या सतरा कागदांचे आभार मानतो. त्यांनी खोली भरली नसती तर सगळी मुलं बाहेर आलीच नसती. आणि बाहेर झाड नसतं, तर ती सरकत सरकत एका जागी कशी बसली असती?

म्हणून त्या उन्हाळ्यात शाळेकडून एक अर्ज गेला. त्याची नक्कल शाळेच्या दप्तरात आहे. उत्तराची जागा अजून कोरी आहे.

'रा. रा. चेअरमनसाहेब, डिस्ट्रिक्ट कौन्सिल, भंडारा यांचे सेवेसी. मौजे नवीपार शाळेचा विनंती अर्ज ऐसा की, शाळेसमोरील मोहाच्या झाडाने तीन आठवडे विनातक्रार वर्ग सांभाळला व मुलांस एकत्र बसविण्याचे जे काम हेडमास्तरांस जमले नाही ते दुपारी बारापर्यंत करून दाखविले. सबब सदर झाडाची असिस्टंट मास्तर म्हणून कायम नेमणूक व्हावी. फाल्गुनात पानगळीची रजा मंजूर व्हावी. वय झाल्यावर पेन्शन मिळावी. आणि झाडाची बदली नाल्यापलीकडे कधीही करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.

अर्ज लिहिणार: रुख्मिणी बकाराम, चौथी पास.
साक्षीदार: यादोराव, केवळरामाचा नातू.'